ठिणगीची गुंडाळी : तिचा इतिहास आणि ती उतरविण्याची रीत

श्रोतेहो, मोटारसायकलच्या टाकीखालीं, सांगाड्याला एक-दोन बोल्टांनीं कसलेली एक काळी वस्तु असते. आकारानें ती मुठीएवढी किंवा त्याहूनहि लहान. तिच्या एका अंगाला एक-दोन बारीक तारा लागतात आणि दुसऱ्या अंगानें एक जाड रबरी तार निघून प्लगाकडे जाते. कारागीर हिला कॉइल म्हणतात. आपण तिला ठिणगीची गुंडाळी म्हणूं. गाडी चालतां चालतां बंद पडूं लागली, पावसाळ्यांत सुरू होईनाशी झाली, म्हणजे पहिला संशय प्लगावर आणि दुसरा हिच्यावर येतो. हल्लीं घरच्या अंगणांत गाडी उभी करून ही गुंडाळी स्वतः उतरवून पाहणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. हौस चांगलीच आहे. परंतु हिला हात लावण्याचे जे नियम गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत छापलेले असतात, ते कोठून आले हें फारसें कोणी विचारीत नाहीं. माझें आजचें सांगणें असें कीं, त्यांतील एकेका नियमाच्या पाठीमागें इतिहासांतील एकेक पायरी आहे, आणि ती पायरी ज्याला ठाऊक आहे त्याला नियम पाठ करावा लागत नाहीं.

हा इतिहास जाणण्याचें आणखीहि एक कारण आहे. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या वस्तूच्या पाठीमागें गेल्या सवाशे वर्षांत निरनिराळ्या पद्धती येऊन गेल्या. वडिलांच्या गाडीवर लागलेली सवय मुलाच्या गाडीवर चालविली जाते. आणि मग कोणाला झटका बसतो, कोणाच्या गाडीचें नुकसान होतें, क्वचित् आगहि लागते. म्हणून आपल्या पुढ्यांत आहे ती गुंडाळी कोणत्या घराण्यांतली, हें ओळखणें ही दुरुस्तीची पहिली पायरी होय.

या कथेचा आरंभ लंडनमधील रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंत झाला. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तकें बांधणाऱ्याकडे उमेदवारी करीत असतां बांधणीला आलेलीं पुस्तकें वाचून तो विज्ञानाकडे वळला. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यानें सुमारें सहा इंच व्यासाचें एक लोखंडी कडें घेऊन त्याच्या एका अर्ध्या भागावर तांब्याच्या तारेचे वेढे दिले, आणि दुसऱ्या अर्ध्या भागावर निराळ्या तारेचे. वेढ्यांमध्यें सुतळी आणि कापड घालून तारा एकमेकींना लागूं दिल्या नाहींत. दुसऱ्या तारेचीं टोकें जोडून ती एका चुंबकसूचीवरून नेली आणि मग पहिली तार बॅटरीला लावली. सूची हलली व पुन्हां स्वस्थ झाली. प्रवाह वाहत होता तोंवर ती जागची हालेना. बॅटरी सोडवितांच ती पुन्हां एकदां हलली. दोन तारांमध्यें कोठेंहि सांधा नसतां एकीचा परिणाम दुसरीवर झाला, आणि तोहि केवळ जोडण्याच्या व तोडण्याच्या क्षणीं. संथ वाहणाऱ्या प्रवाहानें दुसऱ्या तारेंत कांहींच घडत नाहीं. प्रवाहांत बदल झाला कीं घडतें. आपल्या काळ्या डबींत आज जें आहे तें मूलतः हेंच लोखंड आणि ह्याच दोन तारा.

त्याच सुमारास अमेरिकेंत ऑल्बनी येथील एका विद्यालयांत जोसेफ हेन्री नांवाचे शिक्षक शाळेच्या सुटींत प्रयोग करीत. त्यांना असें दिसून आलें कीं, आंखूड तार बॅटरीपासून सोडविली तर कांहीं होत नाहीं, परंतु लांब तार सोडविली तर सुटण्याच्या जागीं लख्ख ठिणगी पडते. आणि तीच तार गुंडाळून घेतली तर ठिणगी अधिक जोरदार होते. हें त्यांनीं १८३२ सालीं प्रसिद्ध केलें. याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. प्रवाह सुरू केला असतां गुंडाळी स्वतःच त्याला अडविते, म्हणून तो हळूहळू वाढतो. परंतु तोडला असतां तो एकदम पडतो. बदल जितका त्वरेचा, तितका विजेचा दाब मोठा. म्हणून गुंडाळीचें खरें सामर्थ्य जोडतांना प्रगट होत नाहीं, तोडतांना प्रगट होतें.

आतां पुस्तिकेंतील पहिला नियम पाहा. किल्ली बंद केल्यावांचून कॉइलची तार ओढूं नये, असें तींत लिहिलेलें असतें. बारा व्होल्टांच्या बॅटरीला काय भ्यावयाचें, असें मनांत येतें आणि नियम बाजूला पडतो. परंतु किल्ली चालू असतांना ती बारीक तार ओढणें म्हणजे हेन्रीचा प्रयोग आपल्या बोटांनीं करणें होय. बॅटरी बारा व्होल्टांची असली तरी तोडण्याच्या क्षणीं त्या बारीक तारेंत शेंदोनशें व्होल्टांचा दाब उसळतो, आणि जाड तारेच्या टोंकाशीं तो पंधरा-वीस हजारांवर जातो. कारण आंतील दुसऱ्या तारेचे वेढे पहिलीच्या सुमारें शंभरपट असतात.

वेढ्यांच्या या प्रमाणाचा शोध आयर्लंडांतील मेनूथ येथील कॉलेजांत शिकविणारे एक धर्मोपदेशक, निकोलस कॅलन, यांनीं घेतला. १८३६ सालीं त्यांनीं जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे पुष्कळ वेढे एकाच लोखंडावर घालून मोठा दाब निर्माण केला. दाब मोजण्याचें सोयीचें साधन त्या काळीं नव्हतें. कॅलन आपल्या विद्यार्थ्यांना झटका देऊन यंत्राचा जोर अजमावीत, असें सांगतात. पुढें पॅरिसमध्यें स्थायिक झालेला जर्मन कारागीर हाइनरिख रुमकॉर्फ यानें १८५१ च्या सुमारास ही गुंडाळी इतकी सुबक बनविली कीं ती त्याच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली. त्याच्या मोठ्या यंत्रांत कित्येक मैल लांबीची बारीक तार असे. १८६४ सालीं तिसऱ्या नेपोलियननें त्याला ५०,००० फ्रँकांचें पारितोषिक दिलें.

याच गुंडाळीला १८५३ सालीं इपॉलित फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञानें एक जोड दिली, ती म्हणजे कंडेन्सर. प्रवाह तोडतांना तोडण्याच्या जागींच ठिणगी पडून धातु जळे आणि प्रवाह चटकन् तुटत नसे. कंडेन्सर त्या क्षणीं उसळणारी वीज क्षणभर आपल्या पोटांत घेतो. त्यामुळें प्रवाह स्वच्छ तुटतो आणि दुसऱ्या बाजूची ठिणगी मोठी होते. कंडेन्सर वीज सांठवून ठेवतो, ही गोष्ट लक्षांत असूं द्यावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

येथपर्यंत ही गुंडाळी प्रयोगशाळेंतील नवलाची वस्तु होती. तिला इंजिनावर आणलें तें एतियेन लन्वार यानें. १८६० सालीं पॅरिसमध्यें त्यानें कोळशाच्या वायूवर चालणारें इंजिन तयार केलें आणि त्यांतील वायु रुमकॉर्फच्या गुंडाळीच्या ठिणगीनें पेटविला. मात्र सर्वांनींच ही वाट धरली नाहीं. १८८५ सालीं गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनीं लांकडी सांगाड्याची जी दुचाकी केली, आणि जी पेट्रोलवर चालणारी पहिली मोटारसायकल म्हणून ओळखली जाते, तिच्यांत गुंडाळी मुळींच नव्हती. एक नळी ज्योतीवर तापवून लाल करीत आणि तिच्या उष्णतेनें इंधन पेटे. ही ज्योत बैठकीखालीं असल्यामुळें बैठकच पेटली, अशी आख्यायिका आहे. उलट, कार्ल बेंझ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं ज्या तीनचाकी गाडीसाठीं पेटंटचा अर्ज केला, तिच्यांत बॅटरी व गुंडाळी होती. १८९५ सालीं फ्रान्समधील द दिओं-बुतों यांच्या तीनचाकीनें या वादाचा निकाल लावला. तिचें लहानसें इंजिन मिनिटाला सुमारें १,५०० फेरे घेई, आणि इतक्या वेगांत नेमक्या क्षणीं ठिणगी पाडणें हें तापल्या नळीचें काम नव्हतें. आरंभींच्या पुष्कळ मोटारसायकली याच इंजिनाच्या धर्तीवर निघाल्या.

लन्वारच्या गोष्टींतून दुसरा नियम निघतो. ही ठिणगी इंधन पेटविण्यासाठींच जन्मास घातलेली आहे, आणि तें इंधन सिलिंडराच्या आंत आहे कीं बाहेर, हें तिला समजत नाहीं. प्लग काढून किक मारली असतां प्लगाच्या भोंकांतून पेट्रोलची वाफ बाहेर फेंकली जाते. टाकी उतरवितांना नळींतून चार थेंब गळतात. अशा जागीं ठिणगी पाडून पाहणें म्हणजे इंजिनाचें काम अंगणांत करणें होय. म्हणून गाडी मोकळ्या हवेंत उभी करावी, इंजिन थंड होऊं द्यावें, पेट्रोलचा कॉक असल्यास बंद करावा, विडी-काडी दूर ठेवावी, आणि सांडलेलें पेट्रोल पुसून तें उडून जाईपर्यंत थांबावें.

सामान्य गृहस्थाच्या हातीं गुंडाळी प्रथम मोठ्या प्रमाणावर आली ती फोर्डच्या मॉडेल टी गाडीमुळें. १९०८ पासून १९२७ पर्यंत या गाड्या दीड कोटींहून अधिक निघाल्या. तिच्यांत चार सिलिंडरांना चार गुंडाळ्या, प्रत्येकीची लांकडी पेटी, आणि त्या पाना-पेचकसाशिवाय नुसत्या हातानें वर उचलून काढतां येत. घरीं कॉइल काढून पाहण्याची हौस तेव्हांपासूनची आहे.

मोटारसायकलला मात्र बॅटरी मानवत नसे. खडबडीत रस्त्यांवरील हादऱ्यांनीं ती फुटे, आंतील तेजाब सांडे. म्हणून मोटारसायकलवाल्यांनीं बॅटरीवांचून चालणारा मॅग्नेटो पसंत केला. जर्मनींत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांतील गोटलोब होनोल्ड यानें १९०२ सालीं मोठ्या दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. त्यांत चुंबकाच्या क्षेत्रांत गुंडाळी फिरते आणि इंजिनाच्या फिरण्यांतूनच वीज उत्पन्न होते. तो बंद करण्याची रीत मात्र उलटी असते. बॅटरीच्या गाडींत बटण प्रवाह तोडतें. मॅग्नेटोच्या गाडींत बटण वीज सांगाड्यांत उतरवून देतें. म्हणजे बटणाकडे जाणारी तार निखळली तर मॅग्नेटो बंद होत नाहीं, उलट तो बंद करण्याचें साधनच नाहीसें होतें.

यांतून निघणारा तिसरा नियम सर्वांत अधिक विसरला जातो. बॅटरी काढली म्हणजे वीज गेली, अशी पुष्कळांची समजूत असते. ज्या गाडींत ठिणगीची वीज इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकापासून येते, त्या गाडीला बॅटरी असो वा नसो, किक मारली कीं ठिणगी पडते. म्हणून गुंडाळीवर हात असतांना दुसऱ्या कोणाला किक मारूं देऊं नये, चाक फिरवूं देऊं नये. आणि किल्ली गाडीला न ठेवतां आपल्या खिशांत ठेवावी. घरांत लहान मुलें असतील तर हें विशेषच पाळावें.

बॅटरीच्या पद्धतीला पुन्हां प्रतिष्ठा मिळवून दिली ती अमेरिकेंतील डेटन शहराच्या चार्ल्स केटरिंग यानें. हाहि पूर्वाश्रमीचा शाळामास्तर. १९१० च्या सुमारास त्याची पद्धत कॅडिलॅक मोटारींत आली, आणि १९१२ सालीं त्याच मोटारींत त्यानें विजेचा स्टार्टर बसविला. केटरिंगच्या पद्धतींत दोन लहान धातूंचे पॉइंट एकमेकांवर टेकलेले असतात. ते टेकले असतां बॅटरीचा प्रवाह गुंडाळींतून वाहतो, आणि इंजिनाबरोबर फिरणारें उंचवट्याचें चाक त्यांना नेमक्या क्षणीं उघडतें, त्याबरोबर ठिणगी पडते. पॉइंटांशेजारीं फिझोचा कंडेन्सर असतो. मद्रासेस १९५५ पासून तयार होऊं लागलेली बुलेट, १९६१ पासून म्हैसुरास निघालेली जावा, एस्कॉर्ट्सची राजदूत, या सर्व गाड्यांवर आपल्याकडील दोन-तीन पिढ्या पॉइंट घासावयास शिकल्या. प्लगाची तार काढावी, इंजिनापासून दोन सुतांवर धरावी, किक मारावी आणि ठिणगी निळी पडते कीं तांबडी तें पाहावें, ही चालहि त्याच काळची.

पुढें इलेक्ट्रॉनिक युग आलें. १९६९ सालच्या कावासाकीच्या तीन सिलिंडरांच्या गाडींत पॉइंटांच्या ऐवजीं सीडीआय नांवाची पेटी होती. आणि आपल्याकडे १९८५ सालीं आलेल्या हिरो होंडाच्या सीडी १०० व यामाहाच्या आरएक्स १०० या गाड्यांनीं ही पेटी गांवोगांवच्या गॅरेजांत पोंचविली. या पद्धतींत कंडेन्सर मदतनीस राहत नाहीं, तो मुख्य कारभारी होतो. पेटींतील कंडेन्सर दोनशें ते चारशें व्होल्टांपर्यंत भरला जातो आणि नेमक्या क्षणीं आपली सारी वीज गुंडाळींत एकदम ओततो. पॉइंटांच्या गाडींत तोडतांना पडणारी ठिणगी येथें ओततांना पडते. गुंडाळी बाहेरून तशीच दिसते, परंतु आंतील तारेचें गणित निराळें असतें. बॅटरी-पॉइंटांच्या गुंडाळीच्या बारीक तारांमध्यें साधारणतः तीन-चार ओहम अवरोध मिळतो. सीडीआयच्या गुंडाळींत बहुधा एक ओहमाहूनहि कमी. दुसरी गुंडाळी पहिलीच्या जागीं बसविली तर प्रवाह मर्यादेबाहेर वाहून ती तापते व जळते.

म्हणून जुनी चाल नव्या गाडीवर चालवूं नये. तार अधांतरीं धरून किक मारली आणि ठिणगीला जावयास जवळची वाट मिळाली नाहीं, तर तो दाब गुंडाळीच्या आंतलेंच वेष्टन फोडतो, किंवा पेटीवर उलटतो, किंवा धरणाऱ्याच्या हातांतून वाट काढतो. हा झटका निरोगी माणसाला सहसा प्राणघातक होत नाहीं. परंतु त्यानें हात असा फेंकला जातो कीं तो तापलेल्या सायलेन्सरवर किंवा फिरत्या साखळींत जावा. हृदयाला पेसमेकर बसविलेल्या माणसानें तर चालू इंजिनाच्या या भागाजवळ जाऊंच नये. ठिणगी पाहावयाचीच असेल तर प्लग टोपींत घालून त्याचें धातूचें अंग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवावें, तें प्लगाच्या भोंकापासून दूर असावें, आणि तार हातांत धरूं नये. त्याहून बरें म्हणजे गुंडाळी उतरवून मल्टिमीटरनें तिचा अवरोध मोजावा आणि तो गाडीच्या पुस्तिकेंतील आंकड्याशीं ताडून पाहावा.

यापुढची पायरी गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली. पुण्याच्या बजाज कंपनीनें २००३ सालीं पल्सर गाडींत एका सिलिंडराला दोन प्लग दिले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आली. ठिणगीचा क्षण आतां संगणकाची लहानशी पेटी ठरविते. अनेक सिलिंडरांच्या मोठ्या गाड्यांत तर गुंडाळी टाकीखालून निघून थेट प्लगाच्या डोक्यावर, बोटाएवढ्या दांडीच्या रूपानें बसली आहे. जाड तारच नाहींशी झाली, तेव्हां झटक्याचें भय कमी झालें. परंतु उतरवितांना ती मोडण्याचें भय वाढलें. तिचें रबरी बूच उष्णतेनें विहिरीच्या भिंतीला चिकटून बसतें. पेचकस घालून उचकटली तर दांडी तडकते, आणि ती तडा बाहेरून दिसत नाहीं. पुढच्या पावसांत मात्र गाडी अडखळूं लागते.

आतां हें सारें ध्यानांत ठेवून उतरविण्याचा क्रम सांगतों. इंजिन थंड झालें, किल्ली खिशांत गेली, म्हणजे प्रथम बॅटरीचें ऋण टोंक सोडवावें. तें सांगाड्याला जोडलेलें असतें, म्हणून सोडवितांना पाना सांगाड्याला लागला तरी बिघडत नाहीं. धन टोंक आधीं सोडवूं गेल्यास तोच पाना सांगाड्याला टेकून लाल होईल. मग थोडा वेळ जाऊं द्यावा, म्हणजे सीडीआयच्या पेटींत सांठलेली वीज उतरेल. टाकी काढण्यापूर्वीं तारांचें छायाचित्र फोनवर घ्यावें, किंवा प्रत्येक तारेला खुणेची चिठ्ठी बांधावी. प्लगाची टोपी काढतांना तार ओढूं नये. टोपी धरून थोडी डावी-उजवी फिरवावी व मग सरळ उपसावी. बारीक तारांच्या जोडाला खटका असतो, तो दाबून जोड सोडवावा. दांडीची गुंडाळी असल्यास आधीं विहिरीभोंवतालची धूळ-वाळू फुंकून काढावी, नाहींतर ती प्लग काढतांना सिलिंडरांत उतरते. नंतर दांडी हातानें हळूहळू दोन्हीकडे पिळून मोकळी करावी आणि सरळ वर घ्यावी. सांगाड्यावरील गुंडाळीचे बोल्ट काढतांना त्यांखालच्या चकत्यांचा क्रम लक्षांत ठेवावा. पुष्कळ गाड्यांत या बोल्टांतूनच गुंडाळीचा परतीचा मार्ग जातो. तेथें गंज किंवा रंग राहिला तर उत्तम गुंडाळीहि मेल्यासारखी वागते. बसवितांना हाच क्रम उलटा चालवावा, आणि बॅटरीचें ऋण टोंक सर्वांच्या शेवटीं जोडावें.

श्रोतेहो, कारागिराकडे जाऊं नये, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. ज्याचा हात रोज त्या कामांत आहे त्याचें ज्ञान आपल्या रविवारच्या हौशीहून मोठें. परंतु आपण स्वतः हात घालणार असूं, तर दोन प्रश्न आधीं विचारावेत : या गाडीची ठिणगी बॅटरींतून येते कीं चुंबकांतून, आणि ती प्रवाह तोडतांना पडते कीं कंडेन्सर ओततांना? पुस्तिकेवरून किंवा जाणत्याकडून यांचीं उत्तरें घेऊन मगच पाना उचलावा. उत्तरें मिळेपर्यंत गुंडाळी आहे त्या जागीं राहूं द्यावी. त्यांत तिचेंहि हित आहे आणि आपल्या हाताचेंहि.